जावयाच्या गाडीचा पाहुणचार

आमच्या श्रावणरावायच्या डोक्यात एकदा काही घुसलं, का ते काढाले जेसीबीच बलवा लागते. नवरा हाय माहा, मी नाई बोलन तं कोण बोलन?

दोन हजार नऊची गोष्ट. पोरगी मयुरी नागपूरले देली. जावाई रत्नदीप लाखात एक, पण वर्ध्याजवळ आमच्या पिपरी मेघेले आले का दोघंही उभ्या उभ्या चहा घेत आन् अंधार पडाच्या आत पळत. लग्नापासून पोरगी एक रात माहेरी राह्यली नव्हती. हे तोंडानं काही बोलत नव्हते, पण गाडी दिसेनाशी झाली तरी फाटकाशी उभेच.

त्या वर्षी जावयानं हायब्रिड गाडी घेतली. पेट्रोलबी, बॅटरीबी. आल्याबरोबर ह्यायले कौतुकानं सांगून राह्यले, "शहरात मस्त अॅव्हरेज देते मामाजी. वर्धा रोडवर तेवढं नाई देत."

झालं! ह्यायचा चेहराच उतरला. अॅव्हरेज नाई, म्हणजे पोरीचं येणंच बंद, असं धरून बसले. हे एसटीचे रिटायर ड्रायव्हर. "एक चक्कर मारून आणतो," म्हणून चाबी घेतली आन् पंपावर जाऊन टाकी फुल करून आणली.

"जावाईबापू, ते महागवालं टाकलं, जास्त ऑक्टेनचं! पाहुण्याले तुपातलं, तं त्याच्या गाडीले काऊन साधं? आता पाहा अॅव्हरेज. दर रविवारी या."

"अवो, गाडी हाय का बाळंतीण?" मी कपाळावर हात मारला.

रत्नदीप हासले. "मामाजी, ह्या इंजिनाले साधंच पुरते. ऑक्टेननं अॅव्हरेज नाई वाढत."

"मंग कशानं वाढते?"

"ब्रेक मारला का बॅटरी भरते. सिग्नलवर उभी राह्यली का इंजिन बंद. थांबत थांबत चालली तवाच हिची खरी बचत."

हे बाहीनं उगाच बोनेट पुसत राह्यले. मंग पोरीकडे न पाहताच म्हणाले, "मंग तूबी थांबत जाय ना, बाई. एखादी रात."

मयुरीनं नवऱ्याकडे पाह्यलं. रत्नदीपनं ह्यायच्या हातातून चाबी घेतली. मी मनात म्हटलं, निघाले आता. त्यायनं घरात जाऊन ती खुंटीले अडकवली.

"मामीजी, संध्याकाळी भाजी कायची करता?"

मी मेली, भाजीचं नाव सांगाच्या आधी रडलीच.