पुडी टाकली त्या दिवशी

लॉन्ड्रीमागच्या गल्लीत सकाळी सातलाच शे-दीडशे माणसं जमली होती. पुढे खाटेवर पुडीबाबा, कुठल्याही दुखण्यावर एकच भुकटीची पुडी देणारा. एका म्हातारीने काठी भिरकावली आणि पाच पावलं चालली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"डॉक्टर रोगाला औषध देतो," बाबा गरजला, "मी रोगाला घर सोडायची नोटीस देतो!"

माणसं हसायची आणि हात पुढे करायची.

त्या रांगेत माझी धाकटी बहीण आठ महिने उभी राहिली. आम्ही दोघं एकाच लॉन्ड्रीत. ती धुलाईला, मी इस्त्रीला. सांधेदुखीने तिची बोटं सुजली होती, साधा रुमाल पिळवेना. पुडी सुरू केल्यावर चौथ्या दिवशी तिने ओली चादर एकटीने पिळली.

"दादा, आता बोल की! कुठे गेली तुझी अक्कल?"

बाबाकडे जाऊ नको, असं मीच तिला सांगत आलो होतो. पण हळूहळू तिचा चेहरा फुगून गोल झाला, मानेमागे चरबीचा उंचवटा आला, जरा कुठे लागलं की हातावर काळानिळा डाग. बायका म्हणाल्या, "तब्येत सुधारली हो!" मी एक पुडी गुपचूप दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना दिली. त्यांनी ती तपासायला पाठवली.

काही दिवसांनी त्यांची चिठ्ठी आली. मी अक्षरं म्हातारपणी शिकलो, एकेक ओळ बोट ठेवून वाचतो. पहिली ओळ होती, 'पुडीत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्या आहेत.' पुढचं वाचायला धीर कुठला! आमच्या धंद्यात रंग सोडणारा कपडा दिसला की त्याच क्षणी टबाबाहेर काढतात, नाहीतर सगळे कपडे वाया जातात. मी तेच केलं. घरातल्या सगळ्या पुड्या मोरीत ओतल्या.

"दादा, हे काय केलंस?"

"विष बाहेर काढलं."

ती रडली, पण माझ्या शब्दाबाहेर गेली नाही. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी ती टबाशेजारीच कोसळली. नाडी हाताला लागेना.

दवाखान्यात उचलून नेलं, तिथे डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. कसलं? स्टेरॉइडचंच! मी चक्रावलो.

"काका, चिठ्ठी पूर्ण वाचलीत का?"

खिशातून काढली. दुसरी ओळ होती, 'पुडी एकदम बंद करू नका. जिवाला धोका आहे. बहिणीला घेऊन या.'

मग त्यांनी समजावलं. "प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते. ती कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉल नावाचं स्टेरॉइड बनवते. ते रक्तातून पेशीच्या गाभ्यापर्यंत जातं आणि काय बनवायचं, काय थांबवायचं ते सांगतं. त्याने सूज आटोक्यात राहते, रक्तदाब टिकतो."

"मग बाबाने वाईट काय दिलं?"

"तेच काम करणारं औषध, पण कितीतरी जास्त. त्यानेच तिचा चेहरा फुगला. मेंदू रक्तातलं प्रमाण बघून ग्रंथींना हुकूम देतो. बाहेरून भरमसाट आलं, हुकूम थांबला. आठ महिन्यांत ग्रंथी आक्रसल्या. तुम्ही पुड्या बंद केल्यात तेव्हा आत कॉर्टिसॉल बनवणारं कुणी उरलंच नव्हतं."

"पुन्हा कधी बनवतील?"

"आता मी देते ती स्टेरॉइडची गोळी थोडी थोडी कमी करत बघायचं. महिने लागतील. बनवतीलच, असं सांगता येत नाही."

गल्लीत खबर माझ्याआधी पोचली होती. बाबा ओरडत होता, "पुडीचा अपमान केला, चार दिवसांत आडवी झाली!" रांग दुप्पट झाली. हा पुरावा त्याच्या हाती मीच दिला होता.

मी रांगेत एकेकाला खरं काय ते सांगत फिरलो. एका ट्रकड्रायव्हरचा दमा पुडीने थांबला होता. त्याने विचारलं, "मग मामा, आजपासून बंद करू?"

"एकदम नको! पुडी घे आणि माझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे चल."

"त्या दिवशी फेकलीत, आज म्हणता फेकू नको. बाबा निदान रोज एकच सांगतो." तो एक पाऊल पुढे सरकला.

माझ्याबरोबर कुणीच आलं नाही. धाकटी अजून खाटेवर आहे. तिच्या ग्रंथी कधी जाग्या होतात, याची वाट बघण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

म्हणून हे लिहिलं. आत काय आहे ते जो सांगत नाही, त्याची पुडी तोंडात घालू नका, मग तिने चार दिवसांत बोटं सरळ होवोत नाहीतर दमा थांबो. आणि घेत असाल, तर ती घेऊन डॉक्टरकडे जा. रागाने फेकू नका. मी फेकली होती.