चिबाडाखालचा चर

सिद्धगडाच्या पायथ्याला लडकूचं एक शेत होतं, त्याला सगळे चिबाड म्हणत. डोंगराच्या पोटातलं पाणी त्या शेताखाली येऊन मुरायचं आणि तिथेच बसून राहायचं. पाऊस सरला तरी जमीन सुकायची नाही. नांगर घातला की बैल गुडघ्याएवढा रुतायचा. आवणी करून रोपं लावली की भात आठ-पंधरा दिवस हिरवं दिसायचं, मग पिवळं पडायचं. पाण्यावर तांबूस तवंग यायचा आणि मुळं उपटून पाहिली तर काळी, कुजलेली. भाऊ वेगळे झाले तेव्हा थोरल्या विठूने वरचं शेत घेतलं आणि चिबाड लडकूच्या गळ्यात मारलं.

बुध्याला जमीन नव्हतीच. गावाच्या कडेला ओढ्यापलीकडे त्याची वाडी होती. वाडीतली माणसं पावसाळ्यात गावच्या आवण्या करायची आणि दिवाळी झाली की बायकापोरं घेऊन जंगलात कोळशाच्या भट्ट्यांवर जायची. बुध्याचा बाप भट्टीवरच मेला होता. एक वर्ष मात्र बुध्या भट्टीवर न जाता कसाऱ्याच्या घाटात रेल्वेच्या कामाला गेला. तिथे त्याच टोळीत लडकू होता. घाटात गाव आणि वाडी असं काही नव्हतं. दोघं एका चुलीवर भाकर भाजायचे, एका घोंगडीखाली निजायचे. बुध्या त्याला ‘लडक्या’ म्हणायचा.

घाटात रुळांखालची माती ढासळू नये म्हणून डोंगराकडून चर खणायचे, त्यात दगडाची मोरी बांधायची आणि वरून माती लोटून सगळं झाकून टाकायचं. वरून पाहणाऱ्याला काही दिसत नसे, पण खालच्या तोंडातून पाणी झुळझुळत बाहेर पडायचं आणि वरची जमीन खडखडीत राहायची. एकदा भाकर खाता खाता लडकू त्या तोंडाकडे बघत राहिला.

“बुध्या, माझ्या चिबाडाला असं केलं तर?”

“व्हईल की. दगड काय कमी हाय आपल्याकडं?”

“येकट्याचं काम नाय ते. तू येतंस का? शेत सुधारलं तर वड्याकडचा खालचा तुकडा तुझा. तू कस, तू खा.”

बुध्या हसला, पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही. तुकडा म्हणजे भट्टी सुटणार होती.

शिमगा झाल्यावर त्यांनी काम धरलं. लडकू, त्याची बायको जिवली, बुध्या आणि बुध्याची बायको हौशी. डोंगराच्या बुडापासून ओढ्यापर्यंत उतार धरून कमरेइतका चर खणला. वर कडक, खाली गाळ. खणता खणता पाणी फुटायचं आणि कडा आत यायच्या, की पुन्हा उपसा. ओढ्यातले दगड डोक्यावरून आणले. दोन्ही अंगांना उभे दगड, वर चपटी फरशी, तिच्यावर बारीक दगड, त्यावर कारवीच्या काड्या आणि पाला, आणि मग माती. वैशाखाच्या उन्हात हौशीच्या डोक्यावरची चुंबळ जळून जाईल असं वाटायचं. लडकू रोज संध्याकाळी पायलीभर भात द्यायचा. बुध्या ते पोटापुरतं म्हणून घ्यायचा. मोबदला म्हणून त्याने ते कधी धरलंच नाही.

गावात आल्यापासून तो लडकूला ‘दादा’ म्हणू लागला होता आणि पाणी मागायचं तर ओटीच्या खाली उभा राहायचा. जिवली वरून ओतायची. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पहिल्याच वर्षी भात पिवळं पडलं नाही. आवणीच्या वेळी चराचं तोंड चिखलाने बंद करायचं म्हणजे खाचरात पाणी राहतं, आणि भाताने मूळ धरलं की उघडायचं, हे दोघांनी चुकत-माकत शिकून घेतलं. कार्तिकात शेतातून बैलगाडी गेली तेव्हा चाक रुतलं नाही. विठू बांधावर येऊन पाहून गेला. दुसऱ्या वर्षी भात काढल्यावर जमीन ना ओली ना कोरडी, इतकी छान वाफशावर आली, की लडकूने वाल टाकला. चिबाडात वाल. मुळं हातभर खाली गेली. मुरबाडच्या बाजारात त्याने तो विकला आणि जिवलीला नवं लुगडं आणलं.

बुध्याने विचारलं तेव्हा लडकू म्हणाला, “औंदा ऱ्हाव दे. पुढल्या सालाला बघू.”

पुढच्या साली तिकडे विलायतेत लढाई लागली होती आणि धान्याचे भाव चढायला लागले होते. बुध्या ओटीखाली उभा राहिला. वर विठूही बसला होता. भाऊ आता पुन्हा बोलू लागले होते.

“दादा, त्या तुकड्याचं काय?”

लडकूने विठूकडे पाहिलं. मग म्हणाला, “कनचा तुकडा?”

“घाटात बोलला व्हता.”

“घाटात मानूस काय पन बोलतो रे. रोज पायली दिली ती कशाची? फुकाट खनलंस का तू?”

विठू म्हणाला, “वाडीतल्याला तुकडा दिला तर उद्या सगळी वाडी येऊन बसंल.”

जिवली दारात होती. ती आत गेली.

बुध्या माघारी वळला. घरी आल्यावर हौशीने विचारलं, तेव्हा म्हणाला, “नाय देत.” ती बराच वेळ चुलीत फुंकत राहिली.

त्या श्रावणात एका दुपारी पाऊस असा कोसळत होता, की हाताच्या अंतरावरचं दिसत नव्हतं. रानात कुणी नव्हतं. बुध्या कोयता घेऊन ओढ्यावर गेला. त्याने ऐनाच्या फांद्या तोडल्या. चराच्या तोंडाचा दगड काढला, फांद्या दुमडून खांदा भिडेपर्यंत आत सारल्या, त्यामागे चिकणमातीचे गोळे ठोकले आणि दगड जिथल्या तिथे बसवला. पाणी थांबलं. एवढं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं तीन-चार दिवस टिकलं.

भात फुलोऱ्याला आलं आणि पिवळं पडलं. मुळं काळी झाली. झोडणीला नुसता पेंढा हाती लागला. लडकू डोक्याला हात लावून बांधावर बसलेला बुध्याने वाडीतून पाहिला. चर गाळाने भरला असणार, असं गाव म्हणालं. दिवाळी झाली आणि बुध्या पुन्हा भट्टीवर गेला. हौशी त्याच्या म्हाताऱ्या आईपाशी, सकुबाईपाशी, वाडीत राहिली.

होळीला तो परत आला तेव्हा आई झोपडीत आडवी होती. खुबा मोडला होता. वैदूने पाला बांधला होता, पण पाय वाकडाच राहणार हे दिसत होतं.

“काय झालं गो?” त्याने हौशीला विचारलं.

“नदीवर पाण्याला गेली व्हती. दगडावरून सरकली.”

“नदीवर कशाला? वड्यातला डवरा हाय ना?”

हौशीने त्याच्याकडे पाहिलं. “डवऱ्याला पाणी कुठलं? लडकूच्या चराचं पाणी खाली येत व्हतं म्हनून दोन-तीन सालं उन्हाळ्यात डवरा भरत व्हता. औंदा चरच आटला. माघातच डवरा कोरडा. सगळी वाडी नदीवर जाती. मी भात कांडायला गेली व्हती, तवर म्हातारी उठून गेली.”

बुध्या खाली बसला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. वाडीतल्या बायका ओढ्याच्या वाळूतला हा खड्डा, डवरा, उकरून पाणी काढतात हे तो जन्मापासून बघत होता, आणि चर झाल्यापासून त्यांना उकरावं लागत नाही हेही बघत होता. पण ते पाणी कुठलं, हे त्याने कधी मनाशी बोलून पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी लडकू वाडीत आला. पहिल्यांदाच. बाहेर उभा राहून म्हणाला, “बुध्या, चर उघडून द्यायला येतंस का? तुझ्याबिगर जमायचं नाय. वाटलं तर तुकड्याचं बघू आपन.”

“चला,” बुध्या म्हणाला.

“तुकडा खरंच देतो रे.”

“तुकडा नको.”

लडकूला ते नीट कळलं नाही, पण त्याला हायसं वाटलेलं दिसलं. तो वरच्या अंगाने खणायला म्हणत होता. बुध्या सरळ तोंडाशी गेला. दगड काढून, डोकं ओढ्याच्या काठाला टेकून, खांदा आत घालून त्याने माती ओढली, मग फांद्या. सडलेल्या, काळ्या. पण टोकं कोयत्याने तिरपी छाटलेली अजून दिसत होती. हौशी हंडा घेऊन तिथे आली होती. तिने एक फांदी उचलली, टोकावर अंगठा फिरवला आणि खाली ठेवली.

लडकू म्हणाला, “पुरात वाहून आल्या असतील.”

बुध्याने पुन्हा हात आत घातला. आधी तांबडा गाळ आला, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. लडकू आनंदाने बुध्याच्या पाठीवर थाप मारणार होता, पण हात वर नेऊन त्याने तो मागे घेतला. हौशीने हंडा भरला आणि ती चालू लागली.

पुढल्या साली चिबाड पुन्हा पिकलं. विठूच्या शेताच्या पाणथळ कोपऱ्यालाही तसाच चर खणला, तो बुध्यानेच, रोजावर. आसपासच्या गावचे लोक बघायला यायचे, तेव्हा लडकू त्यांना तोंडाशी नेऊन सगळं समजावून सांगायचा आणि बुध्या बाजूला कुदळ टेकून उभा असायचा. सकुबाई त्यानंतर उभी राहिली नाही. ती सरपटत दारापर्यंत यायची.

हौशीने फांद्यांबद्दल कधीच विचारलं नाही. त्याचं जेवण ती वेळेवर वाढायची, आईचं सगळं करायची. तिने एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं बुध्याला पुष्कळ वेळा वाटलं. तो मात्र आपणहून बोलला नाही.