गुरुवारचं पाणी

विजयश्रीच्या माशांना औषध लागू पडलं, ही बातमी चाकणच्या त्या कंपनीत पेढ्यांसकट फिरली आणि पहिला पेढा तिच्याच हातावर पडला. का नाही पडणार? चार वर्षं त्या टाक्यांची उस्तवार तिनेच तर केली होती. पट्ट्यापट्ट्यांचे, करंगळीएवढे झेब्राफिश; पण त्यांच्या एका जनुकात मुद्दाम खोट ठेवलेली. त्या खोटीमुळे हाडात राहायचं कॅल्शियम कातडीत, रक्तवाहिन्यांत, सांध्यांभोवती जाऊन साठायचं. माणसांतही असा आजार होतो, म्हणून तर हा सगळा खटाटोप. पिल्लं आरपार दिसतात. ती लाल रंगात बुडवली की जिथं कॅल्शियम साठलंय तिथं लाल ठिपका उठतो. टाक्यांच्या दोन मांडण्या होत्या. औषध घातलेल्या मांडणीतली पिल्लं जवळजवळ स्वच्छ होती. बिनऔषधाची मांडणी ठिपक्यांनी भरलेली.

त्याच आठवड्यात प्रकल्पाचे प्रमुख रणजीत सर एका मुलीला टाक्या दाखवायला घेऊन आले. मोनिका, अकरा वर्षांची. कोपराभोवती दगडासारख्या गाठी, वेणी घालायला हात वर जात नव्हता. वडील लक्ष्मणराव पलीकडच्याच गावातले, जुने शेतकरी. औषधाच्या माणसांवरच्या पहिल्या चाचणीत मोनिकाचं नाव होतं. दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारी वडिलांनी संमतीची सही करायची आणि तिच्या चालू गोळ्या बंद करायच्या, म्हणजे नव्या औषधाचा गुण स्वच्छ कळेल.

"गोळ्यांनी आहे तेवढं तरी थांबलंय म्हणत्यात डॉक्टर," लक्ष्मणराव म्हणाले. "पर तुमचे मासे बरे झाले म्हंजी पोरगी बी हुईल. व्हय ना ताई?"

"होईल की!" विजयश्री म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली हो, तेच तर वाईट.

दुसऱ्या दिवशी कँटीनचा गिझर बंद पडला. इलेक्ट्रिशियन बंटीने आतली कॉइल उपसून काढली आणि विजयश्रीपुढे धरली. कॉइल कसली, पांढरा दगडच झाला होता.

"बघा मॅडम, टँकरचा प्रताप! बोअरचं पाणी. सगळा क्षारच क्षार."

विजयश्रीच्या हातातला चहा तसाच राहिला. कारण गुरुवारी ती तेच पाणी माशांना घालत होती.

आता चाकणला गुरुवार म्हणजे काय, हे तिथं नोकरी केलेल्याला सांगायला नको. विजेची सुट्टी, दिवसभर वीज बंद. जनरेटरवर हवेचे पंप चालायचे, पण पाणी शुद्ध करायचा प्लांट बंद. टाकीत उरलेलं शुद्ध पाणी एकाच मांडणीला पुरायचं. "औषधाच्या मांडणीला काही कमी पडू द्यायचं नाही," असा सरांचा हुकूम. मग दुसरीचं काय? पाणी बदलायचंच नाही, असा नियम होता. पण वहीतला पाणी बदलल्याचा रकाना रिकामा ठेवला की सुपरवायझर बोंब मारतो! म्हणून तिने बिनऔषधाच्या मांडणीत टँकरचं पाणी घातलं आणि वहीत इमानाने लिहिलं, 'गुरुवार, टँकर'. सहा महिने लिहिलं. प्रत्येक पानाखाली रणजीत सरांची सही होती. एकदाही न वाचता केलेली.

तिने कोणाला काही सांगितलं नाही. त्याच जातीच्या नव्या पिल्लांना फक्त शुद्ध पाण्यात ठेवलं, औषधाचा एक थेंब न घालता. नऊ दिवसांनी लाल रंगात बुडवून भिंगाखाली धरलं. पिल्लं स्वच्छ होती. अगं बाई, औषधाशिवायच स्वच्छ! म्हणजे ते ठिपके टँकरच्या क्षाराचे होते.

वही आणि पिल्लांची बशी घेऊन ती तशीच सरांकडे गेली. त्यांनी वही चाळली, नवी पिल्लं पाहिली आणि केबिनचं दार लावून घेतलं.

"चूक तुझी आहे, विजयश्री."

"माझीच आहे सर. लेखी देते. पण सोमवारची सही थांबवा."

"सोमवारी परदेशातून पैसा लावणारी माणसं येतायत. नंतर बघू."

"नंतर? तोवर त्या पोरीच्या गोळ्या बंद होतील! हात जाईल तिचा!"

"औषध वाईट आहे असं कुठे ठरलंय?"

"चांगलं आहे असं तरी कुठे ठरलंय?"

"लातूरहून आलीस तेव्हा नोकरी कोणी दिली, ते आठव," सर म्हणाले आणि फोन उचलला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढे शिकलेले लोक, आणि लेकराच्या जिवाशी असा खेळ! काळेवाडीला घरी पोचेपर्यंत ती बसमध्ये दात आवळून बसली होती.

सोमवारी मीटिंगच्या खोलीत पाहुणे, फुलं, पेढ्यांचा खोका, सगळा थाट. लक्ष्मणरावांनी पेनाचं टोपण काढलं आणि विजयश्री आत शिरली. तिने टेबलावर दोन काचेच्या बशा ठेवल्या.

"भाऊ, ह्यातल्या पिल्लांना औषध दिलंय, ह्यातल्यांना नाही. दोन्ही शुद्ध पाण्यातली, आणि दोन्ही सारखीच स्वच्छ आहेत. गुण आला तो पाण्याने, औषधाने नव्हे. पाण्याची चूक मी केली. ही वही. खाली सह्या कोणाच्या, तुम्हीच वाचा."

"हिला बाहेर काढा," रणजीत सर उठले. "उद्यापासून येऊ नकोस!"

"नाही येत. पण औषध खरंच लागू पडतं का बघायचं असेल, तर दोन्ही मांडण्यांना एकच पाणी घाला."

"म्हणजे माझ्या गोळ्या चालू ठेवायच्या ना, मावशी?" मोनिकाने विचारलं.

"एकही चुकवू नकोस, बाळा."

लक्ष्मणरावांनी वहीची चार-पाच पानं उलटली. सगळीकडे तीच सही. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि सरांकडे पाहिलं.

"सायेब, औषध पायजेच हाय आमाला. लेक हाय माझी. पर ज्या एकीनं खरं लिवलं, तिलाच तुमी घालवताय. मग हितनं पुढं ते पाणी बघणार कोन?"