मुलाखतीत पुसलेली हनुवटी

या, असे जवळ सरका. माझ्या फजितीची गोष्ट सांगतो, पोटभर हसा.

वडिलांना पक्षाघात झाल्यापासून मी छापखान्यात अर्धवेळ मुद्रितं तपासतो, म्हणून पगारही अर्धाच. तिथे पूर्णवेळ जागा निघाली. ती मिळाली तर वडिलांसाठी दिवसभराचा मदतनीस ठेवता येणार होता. देवाला हात जोडून मी मुलाखतीला गेलो.

चहा पिता पिता मालकांना ठसका लागला. माझे हात आता माझं कुठे ऐकतात? मी उठलो, त्यांची पाठ चोळली, रुमालानं हनुवटी पुसली आणि म्हणालो, "सावकाश. गिळलंत ना? आ करा बघू."

मालकांनी चक्क आ केला! मग लाजेनं लाल झाले.

"घरी कोण आजारी आहे?"

"वडील. शाबासकी दिल्याशिवाय घास गिळत नाहीत. तुम्हालाही देणारच होतो."

ते हसले आणि कप खाली ठेवून म्हणाले, "आमच्या आईला ताई भरवते. शाळेतली नोकरी सोडली तिनं. ती स्वतः जेवते का, हे मी कधी विचारलं नाही." मी मदतनीस ठेवायचा बेत सांगितला, तेव्हा त्यांनी विचारलं, "एखाद्या दिवशी मदतनीस आला नाही तर?"

"तर मी घरी," मी शहाण्यानं खरं सांगून टाकलं. जागा तिथेच गेली.

बाहेर पडताना मालकांचा फोनवरचा आवाज ऐकू आला, "ताई, जेवलीस का गं?"

आज देवापुढे बसाल तेव्हा माझं राहू द्या, त्या ताईंची तेवढी आठवण काढा.