तीन आवाजांची भाषा

अर्धांगवायूने जगनकडे तीनच आवाज शिल्लक ठेवले. ता, बो आणि अम. ज्या माणसाने वर्तकनगरात वीस वर्षं भीमजयंतीचा माईक दुसऱ्याच्या हाती जाऊ दिला नाही, त्याच्या वाट्याला हे यावं! समजायचं सगळं, पण उजवा हात आणि जीभ दोन्ही कामातून गेलेले.

शेवटी त्याच्या बायकोने, शालनने, त्या तीन आवाजांचीच भाषा करायला घेतली. हौस कसली! पोस्टातली नोकरी, स्वयंपाक, त्याचं अंग पुसणं, आणि वर दर वेळी अंदाज बांधून ती मेटाकुटीला आली होती. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिने लिहिलं: ता म्हणजे पाणी, ताता म्हणजे चहा, बो म्हणजे बाथरूम, अमता म्हणजे गोळी. महिन्याभरात बावीस शब्द झाले. दोघांनी ते रोज घोकले.

मग एका संध्याकाळी, दिवसा त्याच्याजवळ बसणारी शेजारची प्रीती म्हणाली, "काकू, काका दिवसभर 'अमबो, अमबो' करतात. कागदावर नाहीये हा वर्ड. पाणी दिलं, फॅन लावला, काहीच नको. तुम्ही आल्या की एकदम गप्प."

शालनचा पारा चढला. "अहो, बावीस शब्द पाठ करताना माझा जीव गेला, आणि तुम्ही अजून नवीन काढताय?"

जगन नुसता बघत राहिला. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण राग काही जाईना. दमलेल्या माणसाला राग सोडायलाही ताकद लागते.

रविवारी ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. आतून आवाज आला, "अमबो." ती चादर टाकून धावली. "काय पाहिजे?" काही नाही. चेहरा अगदी निवांत. ती परत गेली, दोन चिमटे लावले न लावले तोच पुन्हा, "अमबो." पुन्हा धावली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र ती दारातच थबकली.

बावीस शब्दांत तिने पंख्याला नाव दिलं होतं, उशीला दिलं होतं. स्वतःला द्यायचं राहूनच गेलं होतं.

"मी?" तिने छातीवर हात ठेवून विचारलं.

जगनने मान हलवली आणि अर्ध्या तोंडाने हसला.

गॅलरीत जाऊन तिने उरलेले कपडे वाळत घातले. बादली रिकामी झाली, तरी ती तिथेच उभी राहिली, त्याने अजून एकदा हाक मारावी म्हणून.