मोसे रुसवा

त्या रविवारी मी अख्ख्या सोसायटीला बजावून ठेवलं होतं, संध्याकाळी रेडिओ लावा म्हणून. मी, अनुराधा रिसबूड, जन्मभर शाळेत पोरींना गाणं शिकवलं, पण माझं गाणं ऐका म्हणून कधी कुणाला गळ घातली नाही. त्या दिवशी मात्र माझी चीज वाजणार होती. आम्ही गाणारे बंदिशीला चीजच म्हणतो. आयुष्यात मी एकच बांधली, छायानट रागातली, आणि ती माझ्या नावानं आजवर कुठेही गायली गेली नव्हती. ऋचा ती गाणार होती आणि कुणाची तेही सांगणार होती.

ऋचा माझी शिष्या. इथल्या, भोपाळच्या, इंद्रपुरीतली, वडील कारखान्यात. फ्रॉकात होती तेव्हापासून माझ्याकडे शिकतेय. मला मूलबाळ नाही, आणि असतं तरी त्याचं मी हिच्याइतकं ऐकलं असतं की नाही कोण जाणे. आता ती तिथल्याच कम्युनिटी रेडिओवर शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम करते. स्टेशन कसलं, दोन खोल्या. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद, गाणारा घामानं न्हाऊन निघतो. पण येतात हो गाणारे. ज्यांना मोठ्या सभेत कुणी विचारत नाही, ते तिथे येऊन मनापासून गातात.

शहराच्या टोकाला, आमच्या मिसरोदपर्यंत तो रेडिओ जेमतेम पोचतो. आमच्या विलासरावांनी सेट उचलून गॅलरीच्या कठड्यावर धरला, कारण तिथेच तो खरखर न करता बोलतो. हात दुखेल म्हटलं तर म्हणाले, बायको रेडिओवर रोज थोडीच येते.

कार्यक्रम विश्वासबुवांच्या पुण्यतिथीचा होता. बुवा माझे गुरू. मूळचे ग्वाल्हेरचे, नोकरीनिमित्त भोपाळात आले आणि शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिले. समोरच्या खोलीत शिकवायचे. त्यांच्या मुलानं, अजिंक्यनं, घरातल्या जुन्या कॅसेटी ऋचाच्या हवाली केल्या होत्या. ठरलं असं होतं की आधी बुवांचं गाणं वाजेल आणि शेवटी ऋचा माझी चीज म्हणेल.

बुवांचं गाणं झालं. मी पदर सावरून बसले, जणू रेडिओला मी दिसणार होते. ऋचा हिंदीत म्हणाली, आता छायानटची अशी एक बंदिश ऐका जी तुम्ही कधीच ऐकली नसेल, खुद्द बुवांच्या आवाजात. मला वाटलं, बुवांची आणखी एखादी असेल, माझी त्यानंतर लागेल. आणि बुवा गायला लागले, "काहे करत मोहे रुसवा."

ही तर माझी चीज!

ही चीज कशी झाली ते सांगते, म्हणजे तुम्हीच ठरवा. लग्नाआधीची गोष्ट. बुवांच्या शिकवणीला जाता जाता मला मुखडा सुचला, "काहे करत मोसे रुसवा, बोलो ना पिया." प्रियकर रुसलाय, बोलत नाही, आणि ती त्याची मनधरणी करतेय. आमच्या घरात रुसवा म्हणजे रुसणं, फुगणं. आई उठता बसता म्हणायची, पुरे झाला तुझा रुसवा. अस्थाई बांधली, अंतरा बांधला आणि बुवांना म्हणून दाखवला. बुवा हसत सुटले. इतके हसले की काकू आतून बघायला आल्या. म्हणाले, अगं वेडे, हे भोपाळ आहे. इथे रुसवा म्हणजे बेअब्रू. काहे करत मोसे रुसवा म्हणजे काय, याला ना धड हिंदी म्हणता येत ना उर्दू. असली चूक मराठी पोरगीच करू जाणे. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, चाल बरी आहे, पण बाहेर गाऊ नकोस हो अनू, लोक हसतील.

नाही गायले. बुवांचा शब्द म्हणजे शब्द. लाज इतकी वाटली की स्वयंपाकघरातसुद्धा ती ओळ गुणगुणायची सोडली. पुढे ऋचा तयार झाली तेव्हा राहवेना, म्हणून तिला शिकवली. पण रुसवा काढून तिथे अनबन, म्हणजे बेबनाव, घातलं, "काहे करत मोसे अनबन." मात्रा जुळतात. रुसव्यातला जीव त्यात नाही, हे मलाही कळत होतं. पण पोरीला कुणी हसायला नको.

आणि आता बुवा गात होते. माझी चाल, माझा अंतरा, समेवर यायची माझी वळणं. बदललं होतं फक्त एक अक्षर. मोसेचं मोहे. मोसे रुसवा म्हणजे माझ्यावर रुसणं, मोहे रुसवा म्हणजे मला बदनाम करणं. एका अक्षरानं चूक पुसली गेली आणि चीज पक्की झाली. हे मला त्याच दिवशी सांगितलं असतं तर काय बिघडत होतं?

गाणं संपलं. कुणाच्या तरी घरची बैठक असावी, वाहवा झाली, आणि कुणीतरी विचारलं की बंदिश कुणाची. बुवांचा आवाज स्वच्छ आला, खरखरसुद्धा नाही:

"हमारी ही है. रुसवा आपके भोपाल का लफ्ज है, हमने सोचा इसे छायानट में बिठा दें."

विलासरावांनी सेट खाली ठेवला. माझी चीज लागलीच नाही. ऋचानं सगळ्यांचे आभार मानले, अजिंक्यचे दोनदा मानले, माझं नावही घेतलं नाही. लगेच वरच्या मजल्यावरच्या कांचनचा फोन आला, तुमचं अजून लागायचंय का हो, आम्ही बसून आहोत. मी म्हटलं, झोपा आता.

विलासराव म्हणाले, आधी पोरीला विचार तरी. मी त्यांच्यावरच खेकसले. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण खरं सांगायचं तर ती ऋचावरच काढत होते, कारण ते सोपं होतं. बुवांवर रागवायचं कसं, ते मला येतच नव्हतं. देवघराशेजारी त्यांची तसबीर आहे, रोज आधी तिला हार आणि मग देवांना. ऋचालाही मीच ते वळण लावलं. शिकवणीला आली की आधी बुवांना नमस्कार, मग तानपुरा. बुवा कधी खोटा सूर लावत नसत आणि खोटा शब्द बोलत नसत, हे मी त्या पोरीला किती वेळा ऐकवलं असेल.

सोमवारी ती आपल्या वेळेला आली. नमस्कार केला, बसली, तानपुऱ्याला हात लावला नाही. मी ठरवलं होतं की चार चांगल्या ऐकवायच्या, पण तीच आधी बोलली. कॅसेट हाती आली आणि ऐकली, तेव्हापासून तिला झोप नव्हती म्हणे. मग खाली मान घालून म्हणाली,

"ताई, मतलब, मला विचारायचंही धाडस होत नव्हतं. तुम्ही शब्दसुद्धा बदललात ना? अनबन घातलंत."

मला आधी कळेचना ती काय म्हणतेय. आणि मग कळलं. अरे देवा! तिच्या हिशेबानं चीज बुवांची, मी ती उचलली, ओळखू येऊ नये म्हणून नेमका तोच शब्द काढला आणि माझी म्हणून तिला दिली. विचार केला तर दुसरं काय वाटणार होतं तिला? पुरावा कॅसेटमध्ये होता, बुवांच्या तोंडचा. माझ्याकडे काय होतं, तर एक हसू, ते हसणारे बुवाही गेले आणि ऐकणाऱ्या काकूही गेल्या.

मी सगळं सांगितलं. आईचा रुसवा, बुवांचं हसणं, मोसेचं मोहे. माझा आवाज चढत गेला. जसजसं सांगत गेले तसतसं मलाच ते रचलेलं वाटायला लागलं. मी थांबल्यावर तिनं तसबिरीकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे बुवा खोटं बोलले?"

हे वाक्य मी रात्रभर मनात आणायचं टाळलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. नाही म्हटलं असतं तर चीज गेली असती, हो म्हटलं असतं तर बुवा. मी म्हटलं, "हो. खोटं बोलले. मला गप्प बसवलं आणि माझी चीज घेतली."

ऋचानं पटकन दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. गुरूविषयी वावगं कानावर पडलं की असं करायचं, हेही माझंच शिकवणं. तिचे डोळे भरून आले होते, पण माझ्यासाठी नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"ताई, बुवांना तरी यात आणू नका," ती म्हणाली.

मग उठली, ओढणी सावरली आणि माझ्या पाया पडायला वाकली. सवयीनं माझा हात तिच्या डोक्यावर गेला, आशीर्वाद मात्र तोंडातून निघेना. ती हळू आवाजात म्हणाली की काल रेडिओवर माझं नाव तिनं मुद्दामच घेतलं नाही, लोकांत माझी शोभा व्हायला नको म्हणून. कुणाला काही सांगितलं नाही, सांगणारही नाही. जे शिकले ते तुमच्याकडूनच शिकले, ते काही खोटं होत नाही.

दारात चपला घालताना ती थांबली.

"मी मनात काही ठेवलेलं नाही, ताई. मी तुम्हाला माफ केलंय."

आणि तिनं दार ओढून घेतलं, घरात कुणी आजारी असलं की ओढतात तसं, अगदी आवाज न करता.