पाण्यातली फांदी

सूर्योदय बघायला माणसाने पहाटे चारला उठावं, हे मला कधीच पटलेलं नाही. माझ्या स्टुडिओत बटण दाबलं की उजाडतं आणि गिऱ्हाईक गेलं की मावळतं. एकतीस वर्षं मी ओळखपत्राचे फोटो काढतोय. हनुवटी थोडी खाली, कान दिसू द्या, हसू नका, झालं. माझ्यासमोर बसलेला माणूस निदान उडून तरी जात नाही.

पण ताईने बोलावलं होतं, आणि ताईला नाही म्हणायची आमच्या घरात कुणाची टाप नाही. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. जन्मभर तिने लोकांचे कपडे शिवले, मशीन बंद केलं आणि दुसऱ्याच आठवड्यात माझा जुना कॅमेरा मागून नेला. तेव्हापासून तळं आणि पक्षी, पक्षी आणि तळं. आता तिच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांचा पडदा मधोमध झिजत चाललाय. उजवा गेल्यातच जमा, डावा टिकेल तेवढा टिकेल. ताई मात्र विचारलं की एवढंच म्हणायची, "थोडं धूसर दिसतं रे, वय झालं."

"मला एक फोटो काढायचाय," गेल्या रविवारी ती म्हणाली होती. "एकच. तो मिळाला की कॅमेरा तुझा तुला परत."

फोटो असा होता. तळ्याच्या पलीकडे दोन टेकड्या आहेत. वर्षातले चार-पाच दिवसच सूर्य त्यांच्या बरोबर मधून वर येतो. त्या वेळी समोर निळा खंड्या यायला हवा. खंड्या रोज येतो, असं ताईचं म्हणणं. पहिले तीन दिवस धुक्यात गेले होते आणि आज शेवटचा दिवस होता. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणण्याची सोय तिच्याकडे उरलेली नव्हती. म्हणून मी मुकाट्याने पावणेपाचला तिच्या दारात गाडी उभी केली.

तळ्यावर पोचलो तेव्हा अजून अंधारच होता. तिपाई आणि कॅमेरा माझ्या खांद्यावर, आणि ताई पुढे. ती वाटेवरून इतकी भराभर चालत होती की मीच दोनदा ठेचकाळलो. काठावर तिने जुन्या पडद्याचा आडोसा उभारून ठेवला होता, दोन काठ्यांना बांधलेला, कॅमेऱ्यासाठी एक भोक आणि बघायला दोन चिरा. भोकाच्या कडेला व्यवस्थित गोट लावलेला. शिंप्याची सवय, दुसरं काय.

"तीन दगड आहेत बघ जमिनीत. त्यांच्यावर तिपाईचे पाय ठेव. बरोबर मध्यावर."

"इकडे-तिकडे झालं तर?"

"होऊ द्यायचं नाही."

लेन्सच्या रिंगवर चिकटपट्टी गुंडाळलेली होती, म्हणजे ती फिरूच नये. शिवणाची टेप घेऊन, पाण्यात उतरून तिने खंड्या येतो तिथवरचं अंतर मोजलं होतं, तेही तीनदा. मला हसू आलं. आजकालचे कॅमेरे डोळ्याची पापणी शोधून काढतात आणि आमची ताई टेपने मोजतेय! पण बोललो नाही. मोठ्या बहिणीपुढे मी फार काही बोलत नाही, वय चोपन्न झालं तरी ती मला बारक्याच म्हणते.

"चहाची किटली गाडीतच राहिली," ती म्हणाली. "मी घेऊन येते. तू कशाला हात लावू नकोस."

आता कशाला हात लावू नकोस म्हटलं की कॅमेऱ्याला लावायचा नाही, एवढंच मला कळलं. आणि कॅमेऱ्याला मी लावलाही नाही. फक्त डोळा लावला.

आत नुकतं फटफटत होतं. टेकड्यांच्या मागे केशरी पट्टा, खाली शांत पाणी, आणि सगळ्याच्या ऐन मध्यात एक वाळकी वाकडी फांदी पाण्यातून वर आलेली. वरून तिला प्लॅस्टिकची चिंधी लटकलेली. मला राहवेना. माझ्या स्टुडिओत कुणाच्या कपाळावर एक बट आली तरी मी ती बाजूला करायला लावतो. मागच्या पडद्याला सुरकुती दिसली तर इस्त्री करतो. आधी मागचं साफ, मग फोटो, हे माझ्या हाताला इतकं मुरलंय की मी लग्नाला गेलो तरी जेवणाच्या टेबलामागच्या खुर्च्या सरळ करतो. मी बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, थंडगार चिखलात उतरलो आणि फांदी उपटून लव्हाळ्यात भिरकावली. परत येऊन बघितलं तर चित्र कसं मोकळं झालं होतं! मी स्वतःवर खूश झालो. म्हटलं, ताईला काही सांगायचं नाही, तिला आपोआप दिसेल.

आणि खंड्या? मला वाटलं, बदकासारखा पोहत येत असेल मध्ये. मी त्याला जवळून बघितला होता कधी?

ताई चहा घेऊन आली. आम्ही घोट-घोट प्यायलो. मग ती स्टुलावर बसली, डावा डोळा कॅमेऱ्याला लावला आणि बोट बटणावर ठेवलं.

"चित्र कसं वाटतंय?" मी मुद्दाम विचारलं. कौतुक ऐकायचं होतं.

"छान. सगळं जागच्या जागी आहे."

मी थोडा हिरमुसलो.

सूर्याची कड दिसली. टिटवी ओरडत गेली. पाणकावळा पंख पसरून दगडावर उभा राहिला. मग पाण्यालगत बारीक, धारदार शीळ आली आणि ताईची पाठ ताठ झाली.

"आला," ती पुटपुटली.

मी चिरेतून बघितलं. एक निळी रेघ सरळ आमच्या समोर आली, मध्यावर हवेत थबकली, दोनदा गोल फिरली आणि डावीकडे लांब लव्हाळ्यात जाऊन बसली.

"बसला!" ताईने बटण दाबलं. कॅमेरा खडखडत सुटला. "बसला बघ फांदीवर! अस्सा बस, हलू नकोस, राजा."

आधी एवढंच कळलं की ती फांदी कचरा नव्हती. ताईनेच ती रोवली होती, पक्ष्याला बसायला. तीन आठवडे ती तळ्यावर खेपा घालत होती, त्या त्याला सवय लावायलाच. आणि मग दुसरी गोष्ट कळली. समोर फांदी नव्हती, पक्षी नव्हता, सूर्य एकटा वर येत होता आणि ताई फोटो काढत होती. शीळ ऐकून, एक-दोन-तीन मोजून, ती पाण्यावर बटण दाबत होती.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोललो नाही.

सूर्य टेकड्यांच्या वर सरकला तशी ती मागे टेकली. तिच्या चेहऱ्यावर घाम होता आणि इतका आनंद होता की मला तिच्याकडे बघवेना.

"बघ ना कॅमेऱ्याच्या पडद्यावर, कसे आलेत? मला उन्हात नीट दिसत नाही."

मी कॅमेरा हातात घेतला. एकशे सोळा फोटो. एकशे सोळा वेळा सूर्य आणि पाणी. मी मनातल्या मनात हिशेब जुळवायला लागलो. पक्षी बसवायला मला एक संध्याकाळ पुरली असती. मी मिटलेले डोळे उघडलेत, टकलावर केस आणलेत, वारलेल्या वडिलांना पोरीच्या लग्नाच्या फोटोत उभं केलंय. एक वीतभर खंड्या म्हणजे काय मोठंसं!

"छान आलेत," मी म्हणालो.

"चोच कुठल्या बाजूला?"

"डावीकडे."

"सूर्य कुठे येतोय त्याच्या? पोटाशी की डोक्यामागे?"

"डोक्यामागे."

"शेपटी?"

ती ऐकत होती. डोळे मिटून, मान थोडी तिरकी करून, एकेक शब्द जपून ठेवत होती. हा फोटो तिला दिसणारच नव्हता. मी जे सांगेन तोच तिचा फोटो होता.

"ताई, खंड्या नाहीये यात. फांदीच नाहीये. मी काढून टाकली."

"काय केलंस?"

"मला वाटलं कचरा आहे. चित्र खराब करत होती, म्हणून उपटली."

मग ती जी सुटली! एकतीस वर्षं तोंडं सरळ करून करून माझं डोकं तेवढं वाकडं झालंय, म्हणाली. माझ्या गाढवपणाला तोड नाही, म्हणाली. देवाने दिलेल्या तळ्यात आवराआवर करायला मी कोण लागून गेलो, म्हणाली. मी मान खाली घालून ऐकलं. सगळं खरं होतं, आणि ती ओरडत होती तोवर मला जरा बरंही वाटत होतं.

मध्येच ती थांबली.

"कधी काढलीस?"

"तू चहा आणायला गेलीस तेव्हा."

"म्हणजे मी बसायच्या आधी."

"हो."

"म्हणजे मी बघितलं तेव्हा ती नव्हती."

"नव्हती."

"असं कसं?" ताई म्हणाली. "मला दिसत होती की. चिंधीसकट दिसत होती."

तिला कमी दिसतं आणि ती ते आमच्यापासून लपवते, असं मी मघापासून समजत होतो. ती काहीच लपवत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की दिसतंय. जिथे डोळा चालत नव्हता तिथे तो जुनंच चित्र भरत होता आणि तिला पत्ताही लागू देत नव्हता. मला फार वाईट वाटलं. फांदीचं वाईट त्यापुढे काहीच नव्हतं.

"पक्षीसुद्धा बसलेला दिसला मला," ती हळूच म्हणाली. मग किटली हातात घेतली. किटलीचं झाकण उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची.

लव्हाळ्यातून खंड्याने पाण्यात सूर मारला आणि मासा घेऊन गेला. मी ते तिला सांगितलं. तिने नुसती मान हलवली.

"बारक्या, इकडे बघ."

मी बघितलं. ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली, शिवायला घेण्याआधी कापड बघायची तशी.

"तुला मिशी आहे ना?"

माझा हात आपोआप ओठाकडे गेला.

"मघासारखं करू नकोस. खरं सांग."

"चार महिने झाले काढून," मी म्हणालो. "सगळ्यांनी थट्टा केली. तूच तेवढी काही बोलली नाहीस."

ताईने हात पुढे केला आणि माझ्या वरच्या ओठावरून दोनदा बोट फिरवलं. मग हात मांडीवर ठेवला.

"मला अजून दिसतेय," ती म्हणाली. "आणखी काय काय बदललंय, ते सांग आता. एकेक करून सांग. काही गाळू नकोस."

ऊन पडद्याच्या भोकातून तिच्या डोक्यावर येत होतं.

"तुझे केस पांढरे झालेत, ताई."

"सगळे?"

मी उठून तिच्या मागे गेलो आणि नीट बघितलं.

"मानेजवळचे थोडे काळे आहेत," मी म्हणालो.